प्रथम पुरुष, अनेकवचन

दहाच्या दहा वाक्यं बरोबर होती. सासऱ्यांनी लाल पेन उघडून वही दोनदा वाचली, काना-मात्रा पाहिल्या, ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, पण पेन टेकवायला जागा सापडेना. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेल्या माणसाला याचा आनंद व्हायला हवा होता. त्यांना मात्र तो झाला नाही.

सून समोर बसून वाटाणे सोलत होती. तिची भाषा कन्नड. लग्नाला वर्ष झालं होतं आणि मराठी ती सासऱ्यांकडून शिकत होती, तीही इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने, कारण दोघांनाही येत होतं असं तेवढंच होतं. वहीत तीन रकाने: इंग्रजी संज्ञा, कन्नड अर्थ, मराठी उदाहरण. आजचा धडा फर्स्ट पर्सन प्लुरल. कन्नडमध्ये त्याला उत्तम पुरुष, बहुवचन म्हणतात हे कळल्यावर सासऱ्यांनी सकाळीच थट्टा केली होती की आमच्याकडे ‘मी’ म्हणणारा नुसता प्रथम असतो, तुमच्याकडे एकदम उत्तम.

आता ती थट्टा त्यांच्या तोंडावर उरली नव्हती. वाक्यं भविष्यकाळातली होती. ‘आम्ही पुढच्या महिन्यात नव्या घरात राहायला जाऊ. आम्ही तिथे कुंड्या ठेवू. आम्ही खिडकीला पडदे लावू.’

हेच ती आठ दिवसांपूर्वी तोंडी म्हणाली होती. तेव्हापासून सासऱ्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मुलाला विचारावं, तर तो रात्रीच्या पाळ्या करून करून घरातला पाहुणा झालेला. आणि विचारायचं तरी काय? मलाही नेणार का रे, असं बापाने मुलाला विचारायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटते. घर लहान असेल, नवं जोडपं आहे, त्यांचंही बरोबरच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि गुपचूप धाकट्या बहिणीकडची मागची खोली मागून ठेवली. आज तिला काय ते नक्की कळवायचं होतं.

त्यांनी पानाखाली ‘दहापैकी दहा’ लिहिलं. मग हाताची सवय म्हणून शेवटची वाक्यं पुन्हा एकदा वाचली आणि नवव्यावर अडखळले. ‘आम्ही रोज दुपारी व्याकरण शिकू.’

व्याकरण? मुलगा दुपारी झोपलेला असतो, आणि जागा असला तरी व्याकरणाचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा.

“हे व्याकरण कोण कोण शिकणार?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही आणि मी.”

“आणि नव्या घरात राहायला कोण जाणार?”

सुनेला प्रश्नच कळला नाही. तिने बोटांवर मोजून दाखवलं: तुम्ही, मी, तुमचा मुलगा. “नावू,” ती म्हणाली. “आम्ही. सगळे.”

सासऱ्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी तिला सांगितलं की मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. ज्याच्याशी बोलायचं तो आपल्यात असेल तर आपण, नसेल तर आम्ही. म्हणजे आठ दिवस ती त्यांना सांगत होती, की तुम्हाला सोडून आम्ही चाललो.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने घाईघाईने वहीची पानं उलटली आणि अगदी पहिल्या धड्यावर बोट ठेवलं. तिथे सासऱ्यांच्याच वळणदार अक्षरात होतं: आपण, म्हणजे आदरार्थी तुम्ही. आपण बसा. शेजारी तिने कन्नड अर्थ लिहून घेतला होता, तावू.

“हा शब्द तुम्हीच लिहून दिली,” ती म्हणाली. “मला वाटलं, पाहुण्यांसाठी आहे. घरच्या माणसाला कसा म्हणू?”

एरवी ‘दिली नाही, दिला’ म्हणून त्यांनी तिला तिथेच अडवलं असतं. आज त्यांना ते ऐकूही आलं नाही. आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या आणि घरच्या वहीत अर्धाच अर्थ लिहून ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सून रडवेली झाली. तळमजल्यावरचं घर मिळेपर्यंत सहा घरं नाकारली, ती कोणाच्या गुडघ्यांसाठी, असं तिने विचारलं. आठ दिवस तुम्ही अर्धपोटी उठत होता ते यासाठी का, असंही विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, “आमच्याकडे एकच नावू आहे, बाबा. कोणाला सोडून जायचं असेल, तर ते वेगळं सांगावं लागतं.”

सासऱ्यांना तिच्याकडे बघवेना. डोळे भरून आले होते, आणि चष्मा पुसत बसण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. या पोरीने आपल्याला मोजताना पहिलं बोट आपल्या नावाचं धरलं, एवढंच राहून राहून मनात येत होतं. तिने लाल पेन उचललं आणि एकेका वाक्यातलं ‘आम्ही’ खोडून वर ‘आपण’ लिहीत गेली.

दहावं वाक्य झालं तेवढ्यात फोन वाजला. बहीण होती. खोली झाडून-पुसून ठेवली आहे, दादा कधी येतो, असं विचारत होती.

“नाही गं, मी येत नाही,” सासरे म्हणाले. “आम्ही नव्या घरात राहायला जातोय.”

सून चपापली. हातातलं पेन तसंच वर धरून तिने हळूच सुधारलं, “बाबा, आपण.”

त्यांनी फोनवर हात ठेवला.

“तिला सांगताना आम्हीच,” ते म्हणाले. “ती कुठे येतेय आपल्याबरोबर?”