नत्थूजींची पाजणी

आठ वाजून गेले तरी नत्थूजींच्या पाजणीला गल्लीतलं एक माणूस बाहेर आलं नव्हतं.

मागावर चढवायच्या उभ्या सुताचा ताणा रस्त्यावर पसरलेला, खळ लावून झालेली. आता दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन चार-सहा जणांनी सपासप फिरायचं आणि ऊन चढायच्या आत धागा न् धागा सुटा करायचा. नाही तर सूत एकमेकांला चिकटतं आणि सगळी मेहनत मातीत जाते. एकट्याचं हे कामच नव्हे. म्हणून तर इतवारीमागच्या त्या कोष्ट्यांच्या गल्लीत रीत होती. भांडण असो, अबोला असो, शेजाऱ्याचा ताणा रस्त्यावर आला की कुंचा घेऊन निघायचं. देश स्वतंत्र झाला त्या सकाळीसुद्धा आधी देवरावची पाजणी झाली आणि मग मंडळी मिरवणुकीला गेली.

नत्थूजींपुरती ती रीत तीन वर्षांपूर्वी मोडली. मग ते आणि तुळजाबाई, दोघं नवराबायकोच आखूड ताणे घालून कसंबसं निभावत. महिन्यामागे तुळजाबाई गेल्या. आज म्हातारा एकटाच या टोकापासून त्या टोकापर्यंत धापा टाकत पळत होता.

समोरच्या दारात जागेश्वर उभा होता. त्याला तोंड लपवायला जागा नव्हती. कारण ही रीत मोडली होती ती त्याच्याच जिभेनं.

नत्थूजींच्या गोपिकेचं आणि त्याचं एकमेकांवर मन होतं. उमरेडचे पाहुणे तिला पाहायला येणार म्हटल्यावर ती त्याला म्हणाली, “आज बाबाले विचारजो. नाही तं मी गेली समज.” तो गेलाही. धुतलेली टोपी घालून गेला. ओट्याच्या पायरीशी पोचला आणि थबकला. म्हातारा नाही म्हणाला तर? आल्या वाटेनं तो परत फिरला. कोपऱ्यावर देवराव आणि चार पोरं टपलेली. “काय म्हने गा म्हातारा?” आता भ्यालो म्हणून कसं सांगायचं? जन्मभर चिडवतील! जागेश्वर बोलून गेला, “म्हने, या गल्लीत पोरगी देण्यापरीस तिले इहिरीत ढकलून देईन.”

झालं! संध्याकाळपर्यंत घराघरात तेच. लोकांनी नत्थूजींना जाब विचारला. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, नुसते खाली पाहत राहिले. गल्लीला तेवढं पुरलं. गोपिका उमरेडला दिली गेली, आणि त्या दिवसापासून बापाशी एक शब्द बोलली नाही. आई गेली तेव्हा आली, महिनाभर राहिली, बापाला ताट वाढलं, पण तोंड उघडलं नाही. इकडे जागेश्वर मात्र गल्लीचा लाडका झाला. बिचाऱ्याच्या मनाला लागलं हो, म्हणून बायका हळहळायच्या, वाटीभर भाजी आणून द्यायच्या. तीन वर्षं तो ती भाजी खात होता. घास उतरत नव्हता, तरी खात होता.

एवढ्यात नत्थूजींचा पाय घसरला आणि ते ताण्याशेजारी गुडघ्यावर आदळले. ओट्यावर गोपिका लेकराला कडेवर घेऊन उभी होती. ती एक पाऊल पुढे आली आणि थांबली. बाप पडला तरी लेक थांबली! जागेश्वरला ते पाहवेना. त्यानं खुंटीवरचा कुंचा ओढला.

“काहून जाऊन राहिला रे?” आई, रुख्माबाई, मागून ओरडली. “विसरला का, काय म्हटलं होतं त्यानं?”

“जाऊ द्या, काकू,” देवराव दारातूनच म्हणाला. “मन किती मोठं आहे पाहा पोराचं!”

त्या वाक्यानं जागेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो भर गल्लीत थांबला.

“मोठं नाही, नासकं आहे,” तो म्हणाला. “काकानं तसं म्हटलंच नोतं. मी विचाराले गेलोच नाही. दारातून पळालो. इहिरीचं थे मी आपल्या मनानं सांगतलं.”

रुख्माबाईनं पदर तोंडाशी नेला. देवराव पचकन थुंकला, आत गेला आणि कुंचा घेऊन बाहेर आला. गोपिकेनं जागेश्वरकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकराला ओट्यावर बसवून ती खाली उतरली आणि तिनं बापाला हाताला धरून उठवलं.

“बाबा, इकडची बाजू मी पाह्यते.”

मग एकेक दार उघडलं. माफीबिफी कोणी मागितली नाही, सगळे मुकाट्यानं ताण्याला भिडले. जागेश्वर अगदी शेवटाला होता. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. शरमेनं त्याची मान वर होत नव्हती, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. उशिरा का होईना, आपल्या हातून एक चांगलं काम झालं, असं त्याला वाटलं.

पाजणी आटोपली. तो नत्थूजींच्या पायाशी वाकला.

“काका, तुम्ही तवाच खरं काहून नाही सांगतलं?”

गोपिका लेकराला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिची पाठ हुंदक्यांनी हलत होती. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“त्या दिवशी तुले पायरीवरून परततांना पाह्यलं होतं मी. बाप वाईट निघाला तं पोरगी राग धरून जगते गा. पन ज्याच्यावर जीव लावला थोच दारातून पळाला, हे कळलं तं मोडते. थे तिले कधी कळू नये, म्हून तीन वर्स तोंड शिवून बसलो होतो.”