ओठांची बोली

तीस वर्षांनी मथुताई पुण्याहून इंग्लंडात, बर्नलीला आल्या, तर त्या काम करायच्या ती कापडगिरणी पाडून तिथे घरं झालेली. दिवसभरात ओळखीचं एक माणूस दिसलं नाही. "इथलं आपलं संपलं गं," असं नातीला म्हणत त्या परतीच्या बसमध्ये बसल्या.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक गोरी म्हातारी त्यांच्याकडे बघत तोंड वेडंवाकडं करू लागली.

"वेडी दिसतेय!" नात म्हणाली.

मथुताई उठूनच उभ्या राहिल्या. मागांच्या खडखडाटात गिरणीतल्या बायका अशाच, नुसत्या ओठांनी बोलायच्या. ही तर शेजारच्या मागावरची डोरीन!

"कुठं उलथली होतीस इतकी वर्षं?" डोरीनचे ओठ म्हणाले. "केवढी जाडी झालीस!"

"तू कुठं बारीक आहेस?" मथुताईंनी तसंच उत्तर दिलं.

बस हलली, तशा त्या ओरडल्या, "थांबव रे बाबा! माझ्या गावचं माणूस भेटलंय!"