मागच्या दाराची कडी

घर आपलंच होणार म्हणून तिने पदरमोड करून डागडुजी केली. ऐनवेळी म्हाताऱ्या मालकाने व्यवहार मोडला. वकील म्हणाले, “भरपाई मागा, नाहीतर कोर्टातून घरच घ्या. किंवा बसवलेलं काढून आणा.” तिला हवी होती फक्त कडी, वारलेल्या आईच्या घरातून आणून मागच्या दाराला बसवलेली. स्क्रूड्रायव्हर घेऊनच ती पोचली. “पैसे घ्या, पण कडीला हात लावू नका,” बहिरट म्हातारा गयावया करू लागला. “ती लावल्यापासून माझी गेलेली बायको येते हो. तिन्हीसांजेला कडी हलवते, काहीतरी विचारते, शब्द कळत नाहीत. घर कसं विकू?” इतक्यात खरोखरच कडी हलली. दारापलीकडून आवाज आला, “छकुले, जेवलीस का गं?” तिला छकुली फक्त आई म्हणायची. “ऐकलंत?” म्हातारा हरखला. “मलाच बोलावतेय.” “हो,” ती म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकला.