इसार

आबांच्या जुन्या जीपला अविराजनं हौसेनं ट्रॅक्टरएवढी चाकं बसवली, आणि आबा तिच्यात बसायचेच बंद झाले. "न्हाय बाबा, माझं गुडघं चढायचं न्हाईत," म्हणत ते कन्हेरीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहायचे. ते बघून अविराजचा जीव तुटायचा.

शेवटी आज त्यानं जीप विकून आबांना सहज चढता येईल अशी बुटकी गाडी घ्यायचं ठरवलं आणि इंदापूरच्या गिऱ्हाइकाचा इसार घेतला. इसार घेतल्यावर आबांच्या घरात शब्द फिरवत नाहीत.

संध्याकाळी आबा बारामतीहून एसटीनं आले, ते खांद्यावर लोखंडी पायरी घेऊनच.

"वेल्डिंगवाल्याकडनं करून आणली. जीप लई झ्याक केलीयास, पोरा. एवढी बसव तिला, म्हंजी मलाबी तुझ्यासंगं येता यील."