गुरुवारची तक्रार

गुरुवार अर्धा उलटला तरी फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी त्याने रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना, ते बघून घेतलं.

समुद्राच्या तळाशी बसवलेले मायक्रोफोन रात्रंदिवस पाण्याखालचे आवाज टिपत. ते साठवायचे आणि पुढे पाठवायचे, ही त्याची नोकरी. एक प्रत इथे किनाऱ्यावरच्या केंद्रात, दुसरी डोंगरावरच्या केंद्रात, तिसरी आणखी एका दूरच्या शहरात. एक ठिकाण बुडालं किंवा जळालं तरी समुद्र शाबूत राहावा, हा त्यामागचा विचार. प्रत्येक फाइलसोबत एक लांबलचक आकडा जायचा. पलीकडचं मशीन फाइल वाचून तोच आकडा नव्याने काढायचं. दोन्ही आकडे तिथल्या माणसाने ताडून बघायचे. जुळले तर फाइल धड पोचली. नाही जुळले तर वाटेत बिघडली.

आणि डोंगरावर दर गुरुवारी एक तरी फाइल बिघडलेली निघायची. तिथलं काम सांभाळणारी ती फोन करायची. नावं अगदी सुरुवातीला सांगून झाली होती, पण तोंडात बसली ती केंद्रांचीच. ती डोंगर, तो किनारा. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. ती फाइलचा नंबर सांगायची, तो फाइल पुन्हा पाठवायचा. एवढी मोठी फाइल जायला वेळ लागतो. तेवढ्यात ती विचारायची, आज समुद्र कसा आहे? तो म्हणायचा, सगळा तुमच्याकडेच तर पाठवलाय. ती म्हणायची, तो पाण्याखालचा, मला वरचा सांगा. मग तो खिडकीशी जाऊन पाण्याचा रंग सांगायचा, वारा कुठून सुटलाय ते सांगायचा. तिच्या बोलण्यात घरचं माणूस यायचं ते फक्त आई. त्याच्या बोलण्यात फक्त ताई.

हा दोष येतो कुठून, हे शोधण्यात त्याने वर्षं घालवली. केबल बदलल्या. डिस्क बदलल्या. साहेबांच्या मागे लागून मशीनचे पंखेसुद्धा बदलून घेतले. दोष काही सापडेना. तिसऱ्या शहरातून कधीच तक्रार आली नाही, पण तिथला माणूस मुळात काही तपासतच नसणार, अशी त्याची ठाम समजूत होती. आपल्या मशीनची त्याला लाज वाटायची. आणि गुरुवारी फोन वाजला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. ताई म्हणायची, कामात चूक निघाली म्हणून खुशीत घरी येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.

मग नवी सिस्टीम आली. ती आकडे आपले आपण जुळवते. बिघडलेली फाइल आपली आपण पुन्हा मागवते. मध्ये माणूस लागत नाही. शेवटच्या गुरुवारी ती म्हणाली, आता फोन करायचं काही कारण उरणार नाही. त्याला खूप काही म्हणायचं होतं. तो म्हणाला, चला, तुमचा त्रास वाचला. पलीकडे ती ‘हो’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला. असल्या वेळी नेमकं नको तेच बोलणारी माणसं असतात. हा त्यांतला अव्वल.

तेव्हापासून गुरुवार अंगावर यायला लागला. तिचा आवाज एकदा ऐकायला मिळावा, म्हणून तो आतल्या आत झुरत होता. नंबर तोंडपाठ होता. पण फोन करून सांगायचं काय? कारणाशिवाय फोन करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, आणि कारण तर सिस्टीमने खाऊन टाकलं होतं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. नव्या सिस्टीमने डोंगरावरच्या जुन्या फायलीही तपासून काढल्या होत्या. बिघडलेल्या म्हणून बाजूला ठेवलेल्या प्रती तिथे अजून तशाच होत्या. साहेब वैतागले होते. एकेक फाइल दोन-दोनदा पाठवून त्याने कपाटभर डिस्क फुकट भरल्या, असं त्यांचं म्हणणं. त्याने सांगून पाहिलं की पहिली प्रत खराब पोचायची, म्हणून दुसरी पाठवावी लागायची.

“अहो, कसली खराब?” साहेब म्हणाले. “दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत. इतक्या वर्षांत एकही फाइल बिघडलेली नाही.”

तो जागेवर येऊन बसला. आपलं मशीन निर्दोष निघालं, याचा आनंद व्हायला हवा होता. त्याला भलताच आनंद झाला. म्हणजे दोष डोंगरावरच्या तपासणीत होता. जुनी तपासणी बंद झाली म्हणून काय झालं, तिला हे कळवायलाच हवं. आजच्या आज. त्याला कारण मिळालं होतं.

त्याने नंबर फिरवला. इकडून तिकडे असा पहिल्यांदाच. तिने फोन उचलून नेहमीच्या आवाजात ‘डोंगर’ म्हटलं. मग त्याने घाईघाईने सगळं सांगून टाकलं. साहेब काय म्हणाले ते, दोन प्रतींचं, तंतोतंत सारखेपणाचं. दोष तुमच्याकडच्या तपासणीत असावा, मनाला लावून घेऊ नका, आपण दोघं मिळून शोधून काढू, कितीही दिवस लागले तरी माझी हरकत नाही.

तिने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.

“तपासणीत काही दोष नव्हता, किनारा,” ती म्हणाली. “सगळ्या फायली नीट पोचल्या, हे सांगायला कुणी कुणाला फोन करतं का?”