मागे न जाणारी गाडी

चर्चच्या तळघरात रविवारची कॉफी चालू होती. डोरिसने लिंबाच्या वड्यांचं ताट पुढे केलं आणि केंटने पहिल्याच आग्रहाला वडी उचलली. डोरिसने ताटाकडे पाहिलं, मग केंटच्या आईकडे, आर्डिसकडे पाहिलं. ती बिचारी मान खाली घालून कॉफी ढवळत राहिली. मिनेसोटातल्या त्या गावात कोणी काही देऊ केलं की एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, आता एवढं म्हणताच आहात तर" म्हणून घ्यायचं. पहिल्याला हात पुढे केला तर हावरटपणा, तिसरा आग्रह मोडला तर अपमान. शहरात राहून पोरगं हातचं गेलं, असं डोरिसने मनाशी नक्की केलं असणार.

वडी तंद्रीत उचलली गेली होती, पण केंट रीत विसरला नव्हता. उलट तिच्याच भरवशावर तो मिनिआपोलिसहून आला होता. आईने गाव सोडावं आणि त्याच्या घराजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला यावं, असं त्याने फोनवर विचारलं होतं. ती नको म्हणाली. काल जेवताना विचारलं. ती नको म्हणाली. दोन नकार पदरात पडले होते आणि स्वारी खुशीत होती. आता घरी जाताना गाडीत तिसऱ्यांदा विचारलं की घोडं गंगेत न्हालं.

निमित्तही आयतंच मिळालं होतं. आर्डिसच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स बरेच दिवस कुरकुरत होता, आणि आता रिव्हर्स पडायचाच बंद झाला होता. दांडा मागे ओढला की गाडी नुसती घुरघुरायची, जागची हलायची नाही. पुढे मात्र झकास पळायची. म्हणून आर्डिस जिथून सरळ पुढे निघता येईल अशीच जागा शोधून गाडी लावायची आणि दुकान चुकून मागे राहिलं तर अख्ख्या गावाला वळसा घालून यायची.

गावचा मेकॅनिक व्हर्जिल कप घेऊन त्यांच्या टेबलाशी येऊन बसला. आतल्या चकत्या झिजल्यात, खोलून नव्या घालू, की भंगारातून दुसरा अख्खा गिअरबॉक्स आणू, असं त्याने आर्डिसला गेल्या रविवारी विचारलं होतं, तेव्हा ती नको म्हणाली होती; तेच त्याने पुन्हा विचारलं. केंटने मध्येच तोंड घातलं. एवढ्या जुन्या गाडीवर मेहनत कशाला, गाडीच काढून टाकलेली बरी, असं त्याचं म्हणणं पडलं.

"माझा खुबा गेला तेव्हा डॉक्टरने खुबाच बदलला," आर्डिस म्हणाली. "मला नाही काढून टाकलं."

व्हर्जिल कपात तोंड घालून हसला. मग खोलतो म्हणाला. नको, तुला कशाला त्रास, असं आर्डिस म्हणाली, आणि तो विषय तिथेच राहिला.

बाहेर आल्यावर केंटला आणखीच बरं वाटलं. आज कुणाच्या तरी बाळाचा बाप्तिस्मा होता, पाहुण्यांनी सरळ निघायच्या जागा सगळ्या अडवल्या होत्या, आणि आर्डिसची गाडी कुंपणाच्या झुडपात नाक खुपसून उभी होती. आता गाडं अडलं, आईला आपोआपच पटेल, असं त्याला वाटलं.

आर्डिस आत बसली. दांडा न्यूट्रलला टाकला, काच खाली केली. तिने कुणाला हाक मारली नाही. पण व्हर्जिलने कप पायरीवर ठेवला. डोरिसने ताट नातीच्या हातात दिलं. पाद्रीबुवा झगा सावरत आले, बाप्तिस्म्यातल्या बाळाचा बापही आला, आणि सगळ्यांनी झुडपात शिरून बॉनेटला हात लावले. केंटला कुणीतरी डावीकडे धरायला सांगितलं. या कामाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. यंदा मका किती वर आलाय आणि तळ्यात मासे लागतायत का, एवढंच बोलणं चाललं होतं. गाडी हळूहळू मागे गेली.

"रिव्हर्स आहे तिला," व्हर्जिल धापा टाकत केंटला म्हणाला. "फक्त कॉफी फार पितो."

मग तो खिडकीशी गेला. उद्या गाडी घेऊन ये, खोलतोच, असं त्याने आर्डिसला सांगितलं.

"बरं," आर्डिस म्हणाली, "आता एवढं म्हणतोसच तर."

व्हर्जिल समाधानाने आपला कप शोधायला गेला.

दोन्ही बाजूंनी मक्याची शेतं लागली, तसा केंटने घसा खाकरला. शब्द त्याने सकाळीच जुळवून ठेवले होते. आईने नजर रस्त्यावरून काढली नाही, पण स्टिअरिंगवरची तिची बोटं घट्ट झाली.

"केंट," ती म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारू नकोस रे. मला हो म्हणावं लागेल."

सकाळपासून केंट जेव्हा जेव्हा तोंड उघडायचा, तेव्हा ती कधी लोणी पुढे करत होती, कधी हवेबद्दल बोलत होती, ते आत्ता त्याच्या लक्षात आलं. म्हातारी सकाळपासून घाबरून होती, आणि ती त्यालाच घाबरत होती. त्याला स्वतःची लाज वाटली आणि आईची फार माया आली.

घर आलं. आर्डिसने सवयीने गाडी हिरवळीवरून घरामागे नेली, वळसा घेतला आणि तोंड रस्त्याकडे करून उभी केली.

"आई," केंट म्हणाला, "मी एक दिवस राहतो. उद्या गाडी व्हर्जिलकडे मी नेऊन देऊ का?"

"नको," आर्डिस म्हणाली. "तुला कशाला त्रास?"

केंटने आणखी दोनदा विचारलं.