निळ्याखालचा पांढरा

तिसऱ्यांदाही तेच निघालं. माता मारियाच्या निळ्या झग्याखाली, अगदी तळाच्या थरात, टायटॅनियमचा पांढरा रंग. नोएमीने रंग तपासायचं यंत्र बंद केलं. हे चित्र पंधराव्या शतकातलं, असं सगळं फ्लॉरेन्स मानत होतं. आणि हा रंग विसाव्या शतकाआधी कुठल्याच चित्रकाराच्या हाती लागलेला नव्हता.

डागडुजीचा रंग असेल, अशी आशा तिने आधी धरली होती. म्हणून जागा बदलून, टाचणीच्या टोकाएवढे आणखी दोन नमुने काढले. आता पळवाट उरली नव्हती.

ती खिडकीशी गेली, परत आली. हातमोजे काढले, पुन्हा घातले. चित्र अस्सल असल्याच्या जुन्या अहवालावर प्रोफेसर सालिम्बेनींची सही होती. ही प्रयोगशाळा त्यांनीच उभी केलेली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टर बार्तोलोत्सी आज नोएमीला शिकवत होत्या, आणि गुरूंच्या कबरीवर दरवर्षी न चुकता फुलं वाहत होत्या. नोएमीचं प्रमाणपत्र याच बाईंच्या हातात होतं.

"काय गं, कॉफीत माशी पडली की प्रेमात पडलीस?" शेजारी चौकट साफ करणाऱ्या दुच्चोने विचारलं. "बस की एका जागी!"

ती हसली नाही. यंत्रातून निघालेले आलेख उचलून तडक बाईंच्या खोलीत गेली.

"डॉक्टर, चित्र नकली आहे." ती म्हणाली. "प्रोफेसरांचं चुकलं."

बार्तोलोत्सींनी फक्त पहिला कागद पाहिला. चष्मा काढून ठेवला.

"तुला कधी कळलं?"

"तीन दिवसांपूर्वी, पहिल्याच नमुन्यात. सांगायची हिंमत होत नव्हती. हवं तर मला काढून टाका, पण हे मी मागे घेणार नाही."

बाई उठल्या. दार लावून घेतलं, तरी पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"त्या अहवालासाठीचा नमुना मीच काढला होता. शिकाऊ होते, तुझ्यासारखी. पांढरा मलाही दिसला होता. सरांनी विचारलं, सगळं ठीक ना? मी मान डोलावली."

त्या टेबलाशी आल्या. नव्या अहवालासाठी कोरा कागद ओढून त्यावर आधी नोएमीचं नाव लिहिलं, मग खाली स्वतःचं.

"तुला तीन दिवस लागले," त्या म्हणाल्या. "मला एकतीस वर्षं."